फोकसची मोटर

"बाबा, तुमचा हात थरथरतो. चंद्र नुसता नाचतोय!" असं चिरंजीव एकदा बोलून गेले आणि दुर्बिणीचा फोकस फिरवून द्यायला येणारे वडील गच्चीवर यायचेच बंद झाले.

ते बोलणं मुलाच्या स्वतःच्याच मनाला लागलं. पण माफी मागायला जीभ रेटेना. म्हणून चार महिने खपून त्याने एका बंद पडलेल्या प्रिंटरची मोटर फोकसला बसवली आणि लांब वायरचं बटण वडिलांच्या हातात दिलं. आता दुर्बिणीला हात लागायचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी तो स्टुलावर बसला, सवयीने एक पाय दुर्बिणीच्या स्टँडवर टेकवला आणि डोळा लावला. चार हात लांब, आरोपीसारखे उभे राहून वडिलांनी बटण दाबलं. मोटर गुरगुरून थांबली. चंद्र नाचतच होता.

"मोटर बिघडली वाटतं."

"पाय हलवतोयस," वडील म्हणाले.

त्याने पाय थांबवला. चंद्रही थांबला.

"तेव्हाही हलत होता?"

"लहानपणापासून हलतो तुझा."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"माझाही हात थरथरतोच की रे. म्हटलं, माझ्यामुळेच असेल."