विंगेबाहेर

"आता मघाशी लक्षात ठेवायला दिलेला तिसरा शब्द?" डॉक्टरांनी विचारलं.

नटवर्यांनी छताकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग मान किंचित डावीकडे झुकवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पोस्टमन."

"चौथा?"

पुन्हा तेच. थोडं थांबणं, मान डावीकडे, आणि "चष्मा." पाचवा शब्द पूल होता. तोही असाच आला.

डावीकडे, अर्धा हात मागे, त्यांची बायको बसली होती. मांडीवर पर्स, नजर भिंतीवरच्या मेंदूच्या चित्रावर. बाईंचे ओठ हलले, असं शेजारी बसलेल्यालाही सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं त्यांनी नाटकात प्रॉम्प्टिंग केलं होतं. विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य द्यायचं. ते त्याला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेला कळता कामा नये. अशाच एका सारख्या अडणाऱ्या नटाशी त्यांनी लग्न केलं आणि घरीही त्याला काही कमी पडू दिलं नाही. दारात शेजारी उभा राहिला की त्याचं नाव, आजचा वार, जावयाची नोकरी, चहा झाला की व्हायचाय, सगळं वेळेवर पुरवलं. गेल्या दोन वर्षांत काम जरा वाढलं होतं, इतकंच.

"पाचपैकी पाच," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

बाई उखडल्या. "अहो, पैकीच्या पैकी मार्क मिळालेत. मग तोंड का पाडता?"

डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "आजी, यांच्या रक्तात त्या विसरण्याच्या आजाराच्या खुणा सापडल्यात. आम्ही एक नवं औषध देऊन बघतोय. त्याने आजार बरा होत नाही, पण हळू चालेल अशी आशा आहे. पण ते फक्त ज्यांचं विसरणं नुकतंच सुरू झालंय त्यांनाच देता येतं. आजोबांना तर सगळं आठवतंय. ते यात बसत नाहीत. आणि पुढे जास्त वाढलं, तर तेव्हाही बसणार नाहीत."

बाईंच्या मनात आलं, करायला गेले काय आणि झालं काय! त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते खुशीत होते. टाळ्या पडल्यावर असायचे तसे.

"शब्द मी सांगितले," बाई म्हणाल्या.

"इथे? माझ्यासमोर? मला कसं ऐकू आलं नाही?"

"तुम्हाला ऐकू आलं असतं, तर चाळीस वर्षं मला कोणी कामावर ठेवलं असतं का?"

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी बाईंची रवानगी बाहेरच्या बाकावर केली आणि परीक्षा नव्याने घेतली, नवे शब्द देऊन. अर्ध्या तासाने बाईंना आत बोलावलं. पाचपैकी दोन. नटवर्य खाली मान घालून शर्टाच्या बटणाशी खेळत होते. बाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"आता एकच राहिलं," डॉक्टर म्हणाल्या. "सोबत राहणाऱ्या माणसाने सांगायचं असतं. हल्ली ते काय विसरले? एक खरा प्रसंग, वारासकट. हवं तर आजोबांना बाहेर बसवते."

"त्यांच्या पाठीमागे मी काही सांगणार नाही."

"मग समोर सांगा."

बाई म्हणाल्या, "तसं काही झालंच नाही."

खोटं होतं, पण सवयीचं होतं. कोण कुठल्या अंकात अडला, हे विंगेबाहेर न्यायचं नाही, हा प्रॉम्प्टरचा धर्म. मोठमोठे नायक भर प्रवेशात पाटी कोरी करून उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते. एकाचंही नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आणि हा तर घरचाच नट.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काही झालंच नसेल, तर मला औषधाचा फॉर्म इथेच थांबवावा लागेल."

"अगं, सांग की," नटवर्य म्हणाले. "आपलं ते थिएटरही पाडून तिथे पार्किंग झालं. आता कोणाची लाज राखतेस?"

"तुमची."

"माझी काय राखायची राहिलीय? पाचातले तीन गेले आत्ताच." ते हसले आणि मग हसायचे थांबले. "मला ते औषध हवंय गं. शेजाऱ्यांची नावं जाऊ देत, वार जाऊ देत. तुला नाही विसरायचं मला. तेवढं एक अजून झालेलं नाही, तोवर सांगून टाक."

बाईंनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. डोळे भरून आले होते ते पुसले नाहीत. मग नट कुठे अडला ते आयुष्यात पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं.

"मागच्या मंगळवारी. दुपारी झोपून उठले आणि मला म्हणाले, 'आपण कोण?' क्षणभरच हो. मी कानाशी गेले आणि हळूच म्हटलं, 'तुमची बायको.' तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, 'अरे वा! नशीब काढलं की मी!'"