भीमण्णाचा हात

भीमण्णाचा उजवा हात कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली तुटला, तर कंपनीने काय करावं? तो जिवंत ठेवून त्याच प्रेसला जोडला! वीस वर्षांचा सराव वाया कोण घालवणार?

भरपाईचा अर्ज घेऊन कंपनीच्या मगदूम मॅडम त्याच्यासोबत प्रेसपाशी आल्या. "अण्णा, तुम्ही आणि हाताने एकमेकांना ओळख दाखवली, तर तो तुटला असं कंपनी धरत नाही. पाच मिनिटं नुसते उभे राहा, मग अर्ज मंजूर."

"एवढंच? बायकोपुढे दिवसभर गप्प बसतो की मी!" भीमण्णा हसला.

पाळीचा भोंगा वाजला. हाताने आधी प्रेसला स्पर्श केला, अगदी भीमण्णा रोज करायचा तसा, आणि नमस्कारासाठी तो कपाळाच्या उंचीवर गेला. पण तिथे कपाळच नव्हतं. बोटं हवेत चाचपडत राहिली, वर, खाली, पुन्हा वर.

"चार मिनिटं झाली, अण्णा," मॅडम कुजबुजल्या.

बोटं अजून कपाळ शोधत होती. भीमण्णाने डोळे गच्च मिटले आणि वाकून कपाळ पुढे केलं.

बोटं टेकली आणि शांत झाली. मग त्यांनी त्याच्या कपाळावरचा घाम सवयीने पुसला आणि ती कामाला लागली.

मॅडमनी अर्जावर लिहिलं, "हात शाबूत."