आठ ठोके

सकाळी दहाला अल्बम बाहेर पडला आणि जेवणवेळेपर्यंत चाहत्यांनी बँडची पार सालटी काढली. रॉक सोडून नाचाची गाणी! दुपारी ड्रमरची बायको गिटारवाल्याच्या दारात उभी राहिली.

"भावजी, त्यांना जाऊन वर्ष झालं नाही, आणि त्यांच्या जागी मशीन बसवलंत?"

"मशीन नाही, वहिनी. सगळीकडे तोच वाजवतोय." गिटारवाल्याने मान खाली घातली. "अपघात झाला त्या दिवशी स्टुडिओत नुसता आवाज तपासून झाला होता, तेवढंच रेकॉर्ड झालं. एकेका ड्रमवर एकेक ठोका, बस. त्याच्या जागी दुसरा कुणी नको होता, म्हणून तेच आठ ठोके फिरवून फिरवून लावले. त्यावर नाचाशिवाय दुसरं काही उभंच राहिना."

ती आत येऊन खुर्चीत बसली. म्हणाली, "ठोक्यांच्या मध्ये काही बोलले होते का हो? गप्प बसतील तर शपथ."

बोलला होता. ठोके स्वच्छ हवेत म्हणून गिटारवाल्यानेच ते बोलणं कापायला लावलं होतं. मूळ रेकॉर्डिंग उरलंय का, हे विचारायला त्याने स्टुडिओला फोन लावला. संध्याकाळपर्यंत तो कुणी उचलला नाही.