होडी बांधायची कडी

जमिनीवर आडवा ठेवलेला दिव्याचा खांब पाहून ठेकेदार मगदूम वैतागला. वर चढून सोलर पॅनेल बसवायच्या पायऱ्या फक्त वरच्या टोकाकडे होत्या. खाली सगळं गुळगुळीत लोखंड, आणि पायऱ्या सुरू होतात तिथे एक जाडजूड कडी.

"बाई, वर्कशॉपवाल्यांनी घोळ घातलाय. खांब परत पाठवावा लागेल."

"घोळ नाही. मीच तसं करायला सांगितलं होतं," सरपंच मालिनी कुबल म्हणाल्या. "ती कडी होडी बांधायला आहे."

मगदूमने समोरच्या देवळाकडे पाहिलं. खांब उभा राहिला की कडी कळसाच्याही वर येणार होती. दरवर्षी वर सरकणारं भरतीचं पाणी आताच देवळाच्या पायऱ्यांना लागत होतं. गाव केव्हाच डोंगरावर राहायला गेला होता.

"माझी नात मासेमारीला जाईल तेव्हा हा कळस पाण्याखाली असेल," त्या म्हणाल्या. "तिची होडी त्यावर आपटून फुटायला नको. म्हणून इथे दिवा हवा. पॅनेल पुसायला येणारा होडीतूनच येणार."

"तोवर वर कसं चढायचं?"

"तोवर शिडी लावू."

मगदूमने आपल्या माणसांना खड्डा आणखी हातभर खोल घ्यायला लावला.

दुपारपर्यंत काँक्रीट ओतून झालं, खांब ओळंब्यात उभा राहिला. हात धुता धुता मगदूमने विचारलं, "पाया भिजता ठेवावा लागेल. पाणी कोण मारणार?"

"तीन आठवडे मी मारते," मालिनीबाई म्हणाल्या. "पुढे दर्या आहेच."