चुन्याची रेघ

शालीखाली ओलं फडकं आणि चुन्याची डबी धरून ती गोठ्याच्या दारात थांबली. आधी रस्त्याकडे पाहिलं. नवरा दुधाचे कॅन घेऊन डेअरीवर गेला होता. थोरला मुलगा कुंपणाच्या तारा ताणत होता. लबाडी करायला याहून बरी वेळ मिळाली नसती.

तीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी एकदाच खोटं बोलली होती. त्याचा आवडता कप तिच्या हातून फुटला आणि तिने मांजराचं नाव पुढे केलं. आजचं खोटं त्या कपाच्या मानाने फारच मोठं होतं.

गोठ्याच्या मागच्या टोकाला वाळल्या गवताची गंजी होती. गंजीला लागून एक लाकडी खांब. दर वर्षी थंडीच्या तोंडावर चारा भरून झाला की नवरा त्या खांबावर खालच्या बाजूला चुन्याची एक आडवी रेघ मारायचा. ही रीत त्याच्या वडिलांची. एका हिवाळ्यात जीव होईना म्हणून त्यांनी एकही जनावर विकलं नव्हतं. चारा संपला, आणि हिरवं गवत यायच्या आत पाच जनावरं डोळ्यांदेखत गेली. तेव्हापासून नियम झाला. नवं गवत यायच्या आत गंजी रेघेखाली गेली, तर जे दूध देत नाही आणि गाभणही नाही, ते जनावर व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढणार. मोजायचं काम घरधन्याचं. त्यात दुसऱ्या कुणी नाक खुपसायचं नाही.

तसं जनावर गोठ्यात एकच होतं, म्हातारी गाय बाईसाहेब. अकरा वासरं देऊन झाली होती. धाकटी लेक तिच्याच दुधावर वाढली. आता चालायला सगळ्यांच्या मागे आणि खायला सगळ्यांच्या पुढे.

"आई, बाईसाहेबांना पेन्शन लागू झाली वाटतं," थोरला म्हणायचा. ती हसायची आणि मग तिला घास गोड लागायचा नाही.

गेले तीन आठवडे मात्र नशीब बरं होतं. दर रविवारी नवरा खांबापाशी जायचा, बोटं आडवी लावायचा आणि तिथूनच ओरडायचा, "चार बोटं वर आहे!" तीन रविवार झाले, चार बोटं काही कमी झाली नाहीत. असं का होतंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. भाजीची देठं, शेंगांची टरफलं, शिळा पाव, सगळं ती गुपचूप बाईसाहेबांच्या पुढ्यात टाकत होती. थेंबे थेंबे तळे साचे. म्हातारीला आपणच तारलंय, या तोऱ्यात ती तीन आठवडे घरात वावरत होती.

पण या आठवड्यात गारठ्याने कहर केला. जनावरं बाहेर पाय टाकेनात. दिवसभर उभ्या उभ्या खात राहिली. डोळ्याला दिसेल इतकी गंजी खाली आली.

"उद्या बाबांनी मोजलं की टेम्पोवाल्याला फोन करावा लागणार," थोरला काल जेवताना म्हणाला होता.

"उद्याचं उद्या बघू," नवरा एवढंच म्हणाला आणि हात धुवायला उठला. आज तो रोजच्यापेक्षा लवकर गोठ्यात गेला होता. डेअरीवरून आला की मोजणार होता.

तिने सकाळीच कुंपणाकडची माती बोटाने उकरून पाहिली होती. खाली हिरवी टोकं होती. आणखी दहा-बारा दिवस. रेघेखालचा चारा जपून घातला तर तेवढे दिवस निघाले असते. पण नियमाला कोण समजावणार? त्यापेक्षा रेघ खाली सरकवणं सोपं.

बाईसाहेबांनी मान वळवून शालीचा वास घेतला. "आज देठं नाहीत गं," ती पुटपुटली, "आज त्याहून मोठं काम आहे." तिने खांबाशी बसकण मारली. कोपरा अंधारा होता, म्हणून रेघ चाचपायला हात पुढे केला.

बोटं सर्रकन घसरली.

तिने हात तोंडाजवळ आणला. चुना. थंडीच्या तोंडावर मारलेली रेघ, आणि अजून ओली? ती खांबाला नाक लावून पाहू लागली. रेघेच्या वर, वीतभर उंचीत, पुसलेल्या रेघांचे फिकट डाग होते. एक, दोन, तीन, आणि चौथा अजून ओलसर. तिने रेघ आणि गंजी यांच्यामध्ये बोटं लावून पाहिली. चार. एक कमी नाही, एक जास्त नाही.

देठा-टरफलांचा सगळा तोरा उतरला. तिला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले. नियम म्हणजे नियम म्हणणारा हा माणूस तिला एकदम फार आवडला.

दारात कॅन खडखडले.

"अगं, तिथे काय करतेयस?" नवऱ्याचा आवाज चोर पकडल्यासारखा होता, फक्त चोर कोण ते कळत नव्हतं.

"मोजत होते. तुम्ही दमून आला असाल म्हणून."

तो जागचा हलला नाही. हात मात्र पटकन खिशात गेले. "मग? किती आहे?"

तिने फडकं आणि डबी शालीत आणखी आत ढकलली, उजेडात आली आणि हात वर करून त्याला चार बोटं दाखवली. चारही पांढरीशुभ्र होती.