भाता कुठल्या बाजूचा

"पाठीवरचाच दाखवा," बद्रीनाथ म्हणाला. "भाता म्हंजे कसा, पाठीवर शोभला पाहिजे."

क्रांती चौकातल्या त्या खेळाच्या दुकानात तो पंधरा मिनिटं उभा होता. तेवढ्यात अख्ख्या दुकानाला कळलं होतं, की याची सोनिया तिरंदाजी खेळते, उद्या राज्य स्पर्धेसाठी पुण्याला निघालीय, बाप तिला न सांगता बाण ठेवायचा नवा भाता घ्यायला आलाय आणि इथून तडक ग्राउंडवर जाऊन तो तिच्या हातात देणार आहे. पडेगावात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान. कुठल्या रानात काय पेरावं, हे गिऱ्हाइकाच्या आधी यालाच ठाऊक. असा माणूस दुसऱ्याच्या दुकानात गेला म्हणून गप्प बसतो होय!

दुकानदार अभय तरणा, पण सोशिक. त्यानं तीन भाते काचेवर मांडले.

"काका, पाठीवरचा दिसायला भारी. पण खाली वाकलं की बाण डोक्यावरून पुढं सांडतात. हा दुसरा धनुष्यालाच लावायचा. शिकारीवाल्यांचं काम ते. धनुष्य जड होतं, हात भरून येतो. स्पर्धेला सगळे हा कमरेचा बांधतात."

"मग कमरेचा द्या. भारीतला."

"उजवा की डावा?"

"म्हंजे?"

"ज्या हातानं दोरी ओढते, त्या बाजूला बांधायचा. बाण हाताशी यायला पाहिजे ना."

"उजवा! हे काय विचारणं झालं?"

शेजारी एक बाई बोटांना लावायचं चामडं निवडत होती. तिनं मान वर केली. ही रत्नमाला, सुयशची आई. सुयश सोनियाबरोबरच खेळायचा आणि ही रोज संध्याकाळी ग्राउंडच्या कडेला बसलेली असायची.

"भाऊ, डावा घ्या," ती म्हणाली. "सोनिया डाव्या हातानं ओढती."

"नाय हो ताई. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. माझी पोरगी जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं."

"घरी व्हय," रत्नमाला म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली.

बद्रीनाथ हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. सोनिया चार वर्षांची असताना तोच तिचा डावा हात टॉवेलानं पाठीमागं बांधून तिला जेवायला बसवायचा. घास सांडायचा, पोरगी रडायची, बायको आतून "अहो, राहू द्या" म्हणायची, आणि हा म्हणायचा, डाव्या हातानं जेवतं का कुणी? चार महिन्यांत सवय मोडली. हा किस्सा त्यानं पाहुण्यारावळ्यांत किती वेळा रंगवून सांगितला होता. सोनिया तिथंच पाण्याचे गिलास फिरवत असायची.

"तीन वर्षं झाली खेळतीय," तो म्हणाला. "तीन वर्षं डाव्यानं?"

"पहिल्या दिवसापासनं. उजव्यानं ओढलं की बाण कुठल्या कुठं जायचा. सरच म्हणले, पोरी, तुझा हात हा न्हवं."

"मी गेल्तो की दिवाळीत बघायला. मनगट दुखतंय म्हणून बसून होती. मी मलम आणून दिलं हो तिला."

रत्नमाला खाली बघत चामड्याची पाकिटं उगाच इकडची तिकडं करत राहिली. बद्रीनाथाचे कान तापले. अभयनं फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुसायला लागला. अरे, गावाला शहाणपण वाटणारा माणूस तू, आणि स्वतःच्या पोरीचा हात कुठला ते तुला ठाऊक नाही! लाजेनं त्याला तिथं धड उभंही राहवेना.

"मी तर ग्राउंडवरच निघालो होतो," तो कसाबसा म्हणाला.

"मघाशी ऐकलं मी. तवाच तिला मेसेज टाकला." रत्नमालाचा आवाज एकदम खाली आला. ""बाबा यायचं कळलं की आधी मला सांगा", असं तिनं समद्यांना सांगून ठेवलंय. राग नका मानू भाऊ. आज शेवटचा सराव हाय तिचा."

राग कसला मानतोय! तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. सोनियाच होती.

"बाबा, तुम्ही ग्राउंडवर येताय का?" एकेक शब्द जपून टाकत होती.

बद्रीनाथानं काचेवरच्या भात्यांकडं बघितलं. "नाही गं. दुकानात लई गर्दी हाय. तू खेळ."

"बरं बाबा!" सोनिया म्हणाली. इतक्या आनंदानं ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

त्यानं फोन खिशात ठेवला. अभयकडं न बघताच म्हणाला, "डावा द्या. आणि पिशवी ह्या ताईंकडं द्या."

"माझ्याकडं?" रत्नमाला गडबडली. "अन् कुणी दिला म्हणून सांगू तिला?"

"तुमच्याकडनंच म्हणा," बद्रीनाथ म्हणाला. "तिचा हात तुम्हाला ठाऊक होता."