जास्तीचे नऊशे किलोमीटर

“नऊशे किलोमीटर जास्तीचे आले कुठून?” अनिरुद्धने मोटारसायकलच्या टाकीवर थाप मारली. “तीनदा सर्व्हिसिंगला तुझ्याकडं सोडली. दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेलीच न्हाई ही!”

देविदास हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. हिंगोलीत गॅरेज टाकून त्याला अठरा वर्षं झाली होती. गिऱ्हाइकाची गाडी त्याने फिरायला नेली, असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आणि आज म्हणत होतं कोण, तर बँकेतला हा साहेब, ज्याला स्वतःच्या गाडीत हवा किती भरायची तेही विचारावं लागायचं.

अनिरुद्ध, माणिकराव गुत्तेदार आणि भावसिंग मास्तर या तिघांनी एकाच दसऱ्याला गाड्या घेतल्या होत्या. माणिकरावची ऐसपैस, पाय पसरून लांबचा पल्ला मारायची. भावसिंगची वेगाची, पुढे वाकून बसायची. मास्तर तिच्यावर बसला की खाली पडलेला खडू शोधतोय असं वाटायचं. अनिरुद्धची उंच, खाचखळगे आणि चिखल तुडवायला बनवलेली. तिघांच्या तीन तऱ्हा, आणि तिन्ही जात एकाच ठिकाणी. दर रविवारी कनेरगाव नाक्याचा ढाबा. तिथे भजी खायची, गाड्यांना टेकून फोटो काढायचे आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं.

त्यानंतर आठवडाभर कोणाची गाडी सरस यावर वाद. ताकद कुणाची, वजन कुणाचं, खालून जागा किती. लांब पल्ल्याच्या मालकाची वाशीमच्या पुढे गेलं की कंबर धरायची. वेगाचा मालक गतिरोधक दिसण्याआधीच ब्रेक लावायचा. आणि चिखलवाला डबकं दिसलं की दोन्ही पाय खाली टेकायचा. हे सगळं देविदास मुकाट ऐकायचा आणि मनात म्हणायचा, यांच्यापेक्षा दूधवाल्याची खटारा गाडी जास्त जग बघून आली.

आज त्यांचा वाद मायलेजवर आला. तिन्ही गाड्या गॅरेजसमोर ओळीने लावून तिघांनी मीटर पाहिले. घेतल्या एकदम, फिरल्या एकदम. दोघांचे मीटर एकतीसशेच्या आसपास होते. अनिरुद्धचा चार हजारांवर गेला होता.

देविदासला स्वतःचा खरेपणा सिद्ध करायला दोन मिनिटंही लागली नसती. गाडी आली की मीटर वहीत लिहायचा आणि गेली की पुन्हा लिहायचा, हा त्याचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. वही टेबलाच्या खणात होती. त्याने खण अर्धा ओढलाही. मग काय वाटलं कोण जाणे, तो गाडीशी उकिडवा बसला.

मडगार्डच्या आतून काळी माती थरावर थर वाळली होती. मागच्या सर्व्हिसिंगलाही त्याने ती खरवडून काढली होती, आणि तेव्हा त्याला अनिरुद्धचं कौतुक वाटलं होतं. तिघांत एक तरी गाडी खरी चालवणारा निघाला म्हणायचा!

“सायेब, हिला सिद्धेश्वरकडं नेलती का कधी? धरणामागच्या वाटेनं?”

“चिखलात?” अनिरुद्ध उखडला. “येडा झाला का तू? एवढी महागाची गाडी मी चिखलात काहून घालू?”

झालं. तेवढं कौतुकही मातीत गेलं. देविदासने मागच्या चाकाच्या चेनमध्ये बोट घातलं. दात्यांमध्ये काहीतरी गच्च गुंडाळलं होतं. ओढल्यावर वीतभर हिरवा दोरा हातात आला. दोऱ्याला एक चमकी अडकलेली होती. ओढणीचा दोरा. जरा जास्त ओढली गेली असती तर गळ्यालाच फास बसला असता.

त्याने मान वर केली. गाडी इथे सर्व्हिसिंगला राहणार म्हणून अनिरुद्धला घरी न्यायला आलेली त्याची बायको अपर्णा कारच्या दाराशी उभी होती. तिच्या हिरव्या ओढणीचं एक टोक फाटून पुन्हा शिवलेलं होतं. अनिरुद्धने तिला या मोटारसायकलवर मागे कधीच बसवलं नव्हतं. तोल जातो म्हणे. तो बँकेत गेला की किल्ली घरातच राहत असणार.

अपर्णाचं लक्ष देविदासच्या हातातल्या दोऱ्याकडे गेलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

देविदास उठला. दोरा त्याने खिशात टाकला आणि खण बंद केला.

“व्हय सायेब,” तो म्हणाला. “मीच नेलती.”

“बघा! मी म्हणलंच होतं,” माणिकराव म्हणाला. त्याने तसं काहीच म्हटलं नव्हतं.

अनिरुद्धला चेव चढला. आमच्या तिघांच्या गाड्या इथे यायच्या बंद, अख्ख्या हिंगोलीत तुझं नाव बदनाम करतो, उद्या तुझ्याकडे कुणी पंक्चर काढायलाही येणार नाही, असं बरंच काही तो बोलला. देविदासने ते ऐकून घेतलं. अठरा वर्षांचं नाव हातचं जात होतं. पण या तीन गाड्यांपैकी एकीचं तरी कुणीतरी चीज केलं होतं, आणि त्या माणसाला या बोलघेवड्यांच्या तोंडी द्यायचं त्याच्या जिवावर आलं.

“माफी माग,” अनिरुद्ध म्हणाला. “सगळ्यांसमोर.”

देविदासने हात जोडायला फडकं खाली ठेवलं. तेवढ्यात अपर्णा पुढे आली. नवऱ्याला ओलांडून ती गाडीपाशी गेली. स्टँडवरच्या गाडीवर सवयीने टांग टाकून बसली आणि तिने डाव्या हाताने क्लच दोनदा दाबून पाहिला.

“देविदासभाऊ, हा जरा आत घ्या,” ती म्हणाली. “माझी बोटं पुरत नाहीत.”